कॉलेजच्या फुटबॉल संघाचा हंगाम : जूनच्या चिखलापासून टायब्रेकरपर्यंत

जिमखाना_खिडकी

मंडळी, दर ऑगस्टला एकच प्रश्न चार ग्रुपवर फिरतो : "सामने पुढच्या आठवड्यात, संघ कसा उभा करायचा?" तोवर वेळ गेलेली असते. म्हणून हा धागा. ज्याला जे पक्कं माहीत आहे ते इथं टाका. आठवणी नकोत, कामाचं टाका.

कोल्हापुरात कॉलेजचा हंगाम दोन कॅलेंडरांच्या फटीत बसवावा लागतो. एकीकडे शिवाजी विद्यापीठ. कोल्हापूर, सांगली, सातारा या तीन जिल्ह्यांच्या विभागीय स्पर्धा, मग आंतरविभागीय, त्यातून विद्यापीठाचा संघ, आणि तो पुढं पश्चिम विभाग आंतरविद्यापीठ स्पर्धेला. दुसरीकडे पाऊस ओसरून केएसएचा (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनचा) हंगाम सुरू झाला की हीच पोरं पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण, प्रॅक्टिस या पेठांतल्या तालमी-क्लबांच्या जर्सीत शाहू स्टेडियमवर उतरतात. म्हणजे कॉलेजला खेळाडू पूर्ण मिळतो तो फक्त पावसात, आणि पावसात मैदान नसतं. सगळं नियोजन या एका अडचणीभोवती करायचं आहे.

पहिल्या सामन्याच्या तारखेवरून उलटे १० आठवडे मोजा. पहिले तीन शरीर बांधायला, पुढचे चार खेळ बसवायला, त्यानंतरचे दोन सामन्यासारखा सराव करायला. शेवटचा आठवडा निम्म्या भाराचा. तारीख जाहीर व्हायची वाट बघत बसू नका, गेल्या वर्षीची धरून मोजायला लागा. परिपत्रक आलं की मागं-पुढं करता येतं.

कागदांचं काम मात्र पहिल्याच आठवड्यात संपवा. प्रत्येक खेळाडूची एक फाईल करा. दहावीचा दाखला (जन्मतारखेसाठी), बारावीचं गुणपत्रक, मागच्या वर्षाचं गुणपत्रक, चालू वर्षाची फी पावती, कॉलेजचं ओळखपत्र, पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) आणि सहा फोटो. आंतरविद्यापीठ स्तरावर वय १७ ते २५ लागतं आणि पूर्णवेळ नोकरी करणारा विद्यार्थी चालत नाही. घोटाळा बहुतेक वेळा नावाचा होतो. आधारवर एक स्पेलिंग, गुणपत्रकावर दुसरं, आणि प्रवेश अर्जावर आईचं नाव राहिलेलं. अशी पोरं जुलैतच शोधून काढा. सामन्याच्या सकाळी प्राचार्यांची सही आणि शिक्का मिळत नाही. दुसऱ्या विद्यापीठातून आलेला किंवा मध्ये वर्ष गेलेला खेळाडू असेल तर त्याची पात्रता विद्यापीठाच्या क्रीडा विभागातून लेखी करून घ्या. "चालतंय ओ" हा शब्द कागद नव्हे.

---

उजवा_हाफ

कागद झाले, आता पाय. पहिल्या तीन आठवड्यांत सगळ्यात मोठी चूक म्हणजे रंकाळ्याला फेऱ्या मारून घेणं, नाहीतर पन्हाळ्याच्या चढावर पळवणं. एका लयीत लांब पळण्यानं दम थोडा वाढतो, पण फुटबॉलचं पळणं तुटक असतं. पळ, थांब, वळ, परत पळ. डांबरी चढ-उताराचा मार नडगीवर बसतो. दोन आठवड्यांत चार पोरं नडगी धरून बसतात आणि मग "पोरं नाजूक झालीत" म्हणून आपण मोकळे.

त्यापेक्षा ३० बाय २० मीटरची चौकट आखा आणि चार विरुद्ध चार खेळवा. ४ मिनिटं पूर्ण जोरात, ३ मिनिटं चालत, अशा ४ फेऱ्या. चेंडू बाहेर गेला की कडेवरून लगेच दुसरा आत टाकायचा, नाहीतर त्या ४ मिनिटांतली दीड मिनिटं चेंडू आणण्यात जातात. आठवड्यातून दोनदा पुरे. त्याशिवाय एक दिवस ३० मीटरच्या ६ धावा पूर्ण वेगात घ्या आणि मध्ये किमान दीड मिनिट विश्रांती द्या. सामना सोडून कधीच पूर्ण वेगात न पळणाऱ्या मुलाचा मांडीचा मागचा स्नायू सामन्यातच जातो.

मैदानात पाणी साचलं असेल तर सराव रद्द करू नका, जागा बदला. कॉलेजचा व्हरांडा, हॉल, पार्किंगचं शेड यातलं एखादं मोकळं असतंच. तिथं पासिंग नाही जमलं तरी ताकदीचे व्यायाम आणि फळ्यावर कॉर्नरची मांडणी होते. आठवड्यातले चार दिवस कागदावर ठरवले तर जुलैत प्रत्यक्षात मैदानावर दोनच पडतात, हे धरूनच चाला.

---

फक्कीवाला

मैदान आखणीचं मी लिहितो, कारण ही दर वर्षी घाईत होते.

नियमाप्रमाणे लांबी ९० ते १२० मीटर आणि रुंदी ४५ ते ९० मीटर. आपल्याकडच्या जागेत १०० बाय ६४ बहुतेक ठिकाणी बसतं. काटकोन डोळ्यांनी काढू नका. दोरीवर ३, ४ आणि ५ मीटरच्या खुणा करा, त्रिकोण ताणला की कोपरा बरोबर ९० अंशांत येतो. मोठ्या मैदानाला ६, ८, १० घ्या, चूक कमी होते. चारही कोपऱ्यांत खुंट्या ठोकल्या की दोन्ही कर्ण मोजा. १०० बाय ६४ ला कर्ण ११८.७३ मीटर यायला हवा. दोन्ही कर्णांत अर्ध्या मीटरचा जरी फरक आला तरी खुंटी हलवा, फक्कीला (रेषा मारायच्या पांढऱ्या भुकटीला) हात लावू नका.

आतली मापं : मोठी डी (पेनल्टीची चौकट) गोलरेषेपासून १६.५ मीटर, लांबी ४०.३२. छोटी डी (गोलसमोरची आतली चौकट) ५.५ मीटर, लांबी १८.३२. पेनल्टीचा ठिपका ११ मीटरवर. मधलं वर्तुळ आणि डीवरची कमान दोन्हीची त्रिज्या ९.१५. कमान पेनल्टीच्या ठिपक्यावरून काढायची असते, डीच्या रेषेच्या मध्यावरून नव्हे. ही चूक भल्याभल्या मैदानांवर दिसते. गोल ७.३२ बाय २.४४. आडवा बार मध्ये वाकला असेल तर मधली उंचीही मोजा.

या मापाच्या मैदानाच्या सगळ्या रेषा मिळून साधारण ६९५ मीटर भरतात. मीटरला ७० ग्रॅम धरलं तर पहिल्या आखणीला ५० किलोच्या आसपास फक्की. पावसात रोज पुन्हा मारावी लागते, म्हणून जास्तीची गोणी कोरड्या खोलीत फळीवर ठेवा. जमिनीला टेकली की ओल धरते आणि गोळे होतात.

एक गोष्ट कळकळीनं. कळीचा चुना वापरू नका. स्वस्त पडतो, पण ओल्या मैदानात तो तापतो. घसरत आलेल्या पोराची कातडी भाजते, डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. खडूच्या भुकटीची फक्की घ्या.

---

नवा_सेक्रेटरी

सर, एवढं एकत्र कुठंच मिळालं नव्हतं. बूट आणि चेंडू यांचं कोणी सांगेल का? जिमखान्याचं बजेट तुटपुंजं आहे. २० पोरं आहेत आणि निम्म्यांकडं टर्फचे बूट आहेत.

---

स्टॉपर_पेठेतला

भावा, टर्फच्या बुटावर चिखलात उतरलास तर सामना न्हवं, घसरगुंडी व्हतीय. ते बारीक बारीक रबरी दाणे असतात, त्यात माती बसली की तळवा गुळगुळीत. जुलै-ऑगस्टला लांब आणि कमी स्टडचा (तळाच्या खुंट्यांचा) बूट पायजे. सहा स्टडवाला, फिरवून काढता येणारा मिळाला तर उत्तम. पण तोच बूट घालून डिसेंबरात कडक मैदानावर उतरलास की सगळा भार सहा टोकांवर, टाच आणि पायाचा चवडा दुखायला लागणार. तवा सुक्यात आखूड, जास्त स्टडचा घ्यायचा. एकच जोड परवडत असंल तर मोल्डेड (न निघणाऱ्या) स्टडचा मधला घे आणि पावसात दर पंधरा मिनिटाला काठीनं तळ खरवड. राखीव पोरांकडं दोन काड्या देऊन ठेव, चेंडू बाहेर गेला की पळत येऊन खरवडायचं.

बूट मापाला आणताना संध्याकाळी आण. दिवसभरात पाय फुगतोय. जाड मोजा घालून बघ. वाळवायला चुलीजवळ, हीटरजवळ ठेवायचा न्हाई, तळ सुटतोय. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंब, दोन तासांनी बदल, सकाळपर्यंत वाळतोय.

चेंडूचं म्हणशील तर सराव आणि सामना वेगळा. सरावाला रबर-मोल्डेड, ते पाणी पीत न्हाईत. शिवलेला चेंडू शिवणीतनं पाणी ओढतोय आणि जड व्हतोय, ते चार हेड मारले की कळतंय. २० पोरांना १० चेंडू हवेत, दोघांत एक. त्याच्याखाली गेलास की निम्मी पोरं रांगेत उभी राहून गप्पा मारतात.

---

शिट्टी_आणि_कार्ड

चेंडूच्या मापाबद्दल भर. ५ नंबर चेंडूचा घेर ६८ ते ७० सेंटिमीटर, सामना सुरू होताना वजन ४१० ते ४५० ग्रॅम, हवेचा दाब ०.६ ते १.१ ॲटमॉस्फिअर, म्हणजे पंपाच्या घड्याळावर ८.५ ते १५.६ पीएसआय. दाबून "बरोबर आहे" म्हणणारे बरेच असतात, घड्याळ लावलं की चेंडू दगड झालेला दिसतो. सुई घालण्यापूर्वी ओली करा. कोरडी सुई घातली की आतला व्हॉल्व्ह फाटतो आणि चेंडू कायमचा जातो.

आता पंचांच्या बाजूनं काही गोष्टी. हातातला दोरा, कडं, गळ्यातली माळ, रबरी बँड काहीही चालत नाही. वर टेप गुंडाळून झाकलेलंही चालत नाही. हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर मैदानाच्या कडेला कात्री शोधण्यात पाच मिनिटं जातात आणि पोराचं डोकं त्यातच अडकून राहतं. शिनगार्ड मोज्याखाली हवेच. हाताच्या तळव्याएवढे नावापुरते लावून येऊ नका. बाहीखाली आतला टी-शर्ट दिसत असेल तर त्याचा रंग बाहीच्या मुख्य रंगाचा हवा. गोलीचा रंग दोन्ही संघांपेक्षा आणि पंचांपेक्षा वेगळा. म्हणून दोन जर्सी संच आणि गोलीसाठी दोन रंग ठेवाच.

२०२५-२६ पासूनचा बदल पुष्कळांना ठाऊक नाही. गोलीनं चेंडू हातात ८ सेकंदांपेक्षा जास्त धरला तर समोरच्या संघाला कॉर्नर मिळतो. पूर्वी ६ सेकंदांचा नियम होता, त्यावर अप्रत्यक्ष फ्री किक होती आणि ती क्वचितच दिली जायची. आता पंच हात वर करून शेवटचे पाच सेकंद दाखवतो. आघाडी असताना चेंडू कवटाळून लोळणाऱ्या गोलीला सरावात घड्याळ लावा.

बदली खेळाडूंचं स्पर्धेच्या परिपत्रकात काय आहे ते वाचा. मूळ नियमात पाचपर्यंत बदल आहेत, पण खेळ थांबवून ते करायच्या संधी तीनच. मध्यंतरातला बदल त्यात मोजत नाहीत. एकेक करून तीन वेळा तीन बदलले की उरलेले दोन खिशातच राहतात. मैदानावर सातपेक्षा कमी खेळाडू उरले तर सामना पुढं चालत नाही, त्यामुळं रागानं पोरांना बाहेर बोलावणाऱ्या व्यवस्थापकानं आधी हा हिशोब करावा.

---

गोली_एक_नंबर

८ सेकंदांचं बरोबर. पण पावसात गोलीचा खरा प्रश्न चेंडू धरायचा की ठोसायचा हा असतो. समोरून जमिनीवरून येणारा ओला चेंडू शेवटच्या टप्प्याला उसळत नाही, घसरून वेग घेतो. म्हणून गुडघा जमिनीजवळ आणि सगळं शरीर चेंडूच्या मागं हवं, नुसते हात चालत नाहीत. गर्दीत वरून येणारा असेल तर दोन्ही मुठींनी, आणि ठोसा बाजूच्या रेषेकडं. मधोमध ठोसला की डीच्या टोकावर उभा असलेला त्यांचा हाफ (मधल्या फळीतला खेळाडू) तयारच असतो.

ग्लोव्हजबद्दल गैरसमज आहे. लॅटेक्सचा तळवा कोरडा ठेवायचा नसतो, किंचित ओला ठेवायचा असतो. कोरडा लॅटेक्स घसरतो आणि लवकर झिजतो. जाळीच्या मागं एक टॉवेल आणि साध्या पाण्याची बाटली ठेवा. माती लागली की धुवा, पिळू नका, दाबून पाणी काढा. सरावाचा जुना जोड आणि सामन्याचा जोड वेगळा हवा.

---

फिजिओताई

वॉर्म-अपला "दोन फेऱ्या आणि हात-पाय फिरवणे" एवढंच चालू असेल तर ते बदला. फिफाचा ११ प्लस हा कार्यक्रम फुकट आहे, चेंडू सोडून काही लागत नाही आणि तो २० मिनिटांत होतो. पहिली ८ मिनिटं हळू धावण्याचे सहा प्रकार. मग १० मिनिटं ताकद, तोल आणि उड्या, त्याचेही सहा प्रकार, प्रत्येकाच्या तीन पातळ्या. शेवटी २ मिनिटं वेगात धावण्याचे तीन प्रकार. आठवड्यातून किमान दोनदा सबंध करा. सामन्याच्या दिवशी मधला ताकदीचा भाग गाळून फक्त पहिला आणि तिसरा. स्थिर ताण देऊन दोन-दोन मिनिटं वाकून बसणं सामन्याआधी नको, ते नंतर.

त्यातला नॉर्डिक हॅमस्ट्रिंग लोक टाळतात, कारण दुसऱ्या दिवशी मांड्या भरतात. गुडघ्यावर बसायचं, जोडीदारानं घोटे धरायचे, पाठ सरळ ठेवून जमेल तितकं हळू पुढं झुकायचं. सुरुवात ३ ते ५ वेळांनी करा आणि आठवड्या-आठवड्यानं वाढवा. सामन्याच्या आदल्या दिवशी करू नका. मुलींच्या संघांनी उड्या मारून उतरण्याचा भाग विशेष नीट करावा. त्यांच्यात गुडघ्याच्या एसीएल लिगामेंटची दुखापत मुलांपेक्षा किमान दुप्पट आढळते. उतरताना गुडघे आत वळतात का ते समोर उभं राहून बघा आणि तिथल्या तिथं दुरुस्त करा.

चिखलातल्या खरचटण्याला लगेच स्प्रे मारू नका. आधी वाहतं पाणी आणि साबण, माती पूर्ण निघेपर्यंत. मग स्वच्छ गॉझ. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते खेळाडूच्या फाईलमध्येच लिहून ठेवा. पुराच्या पाण्यातून चालत आलेल्या, पायाला जखम असलेल्या मुलाला ताप आणि पोटऱ्यांत दुखणं आलं तर घरगुती उपाय नकोत, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या आजाराची) शंका घेऊन त्याच दिवशी डॉक्टरकडं पाठवा.

डोक्याला मार लागून मूल गोंधळलं, उलटी झाली किंवा तोल गेला तर त्या दिवशी पुन्हा मैदानात नाही. "मी ठीक आहे" हे त्याचं मत धरायचं नाही.

आणि खोकल्याचं औषध. पावसाळ्यात अर्धा संघ खोकत असतो आणि घरातली बाटली उघडतो. आपल्याकडच्या बऱ्याच खोकल्याच्या सिरपमध्ये टर्ब्युटॅलिन असतं. ते बंदी असलेल्या यादीत आहे आणि फक्त स्पर्धेच्या काळात नव्हे, कायम. विद्यापीठ संघात निवड होण्याची शक्यता असलेल्या मुलानं बाटलीवरची नावं वाचल्याशिवाय चमचाही घेऊ नये. डॉक्टरांना "मी खेळाडू आहे" एवढं सांगितलं तर पर्याय मिळतो. दम्याचा पंप असेल तर त्याचे कागद आधी तयार ठेवा. जिममधल्या बिननावाच्या पावडरींबद्दल वेगळं लिहीत नाही, अर्थ तोच.

---

ऊसपट्टा

सगळे शहरातल्या पोरांचं गृहीत धरून लिहिताय. कॉलेज संघात शिरोळ, हातकणंगले, गगनबावडा, राधानगरीकडची पोरं असतात, त्यांचं नियोजन वेगळं लागतं. पहाटे सहाचा सराव त्यांना शक्यच नाही, पहिली एसटी धरून आलं तरी सात वाजतात. तासांनंतर साडेतीन ते पाच ठेवा, म्हणजे शेवटच्या गाडीला पोर पोचतं.

दुसरं, पाणी. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. नदी इशाऱ्याकडं सरकायला लागली की छोटे बंधारे आणि आडरस्ते आधीच गेलेले असतात. त्या आठवड्यात बाहेरगावच्या पोरांची हजेरी मोजू नका, आणि सामना असेल तर आदल्या दिवशी त्यांना शहरात वसतिगृहावर किंवा मित्राकडं थांबवा. सकाळी फोनवर "रस्ता बंद आहे सर" ऐकून अकरा जुळवत बसायची वेळ येऊ नये.

---

स्टॉपर_पेठेतला

ह्यो मुद्दा एक नंबर. आता खेळाचं बोलतो. सुक्या मैदानावरचा खेळ चिखलात चालत न्हाई आणि पोरं ऐकत न्हाईत. पुढं सोडलेला पास पाण्यात थांबतोय आणि फॉरवर्ड त्याच्या पुढं पळून जातोय. पास पायात द्यायचा, जोर नेहमीपेक्षा जास्त. स्टॉपरनं (मधल्या बचावपटूनं) आपल्या डीत ड्रिबलिंग करायचं न्हाई, गोलीला बॅकपास तर अजिबात न्हाई, चेंडू मध्येच थांबला की समोरच्याला फुकटचा मैदानी गोल. पाणी कुठं साचतंय ते सामन्याआधी चालत बघायचं आणि चढाई त्याच्या उलट्या कडेनं न्यायची. मध्यंतरानंतर बाजू बदलतीय, तवा योजना बी बदलायची.

अशा मैदानावर गोल येतात कॉर्नर, फ्री किक आणि लांब थ्रोवरनं. त्यामुळं सरावातला शेवटचा अर्धा तास फक्त त्यालाच. दोनच कॉर्नर बसवा पण पक्के. एक जवळच्या खांबावर, तिथनं पुढच्यानं डोक्यानं मागं सरकवायचा. दुसरा मोठ्या डीच्या टोकावर मागं, तिथनं फटका. मारणारे दोन, एक उजव्या पायाचा, एक डाव्या. आपल्यावर कॉर्नर आला तर कोण कुणाला धरणार ते नावानं ठरवा. "आपापला माणूस धरा" म्हणून ओरडलं की कुणीच कुणाला धरत न्हाई.

---

उजवा_हाफ

सगळं मान्य, पण एक वादाचा मुद्दा काढतोच. तालमीच्या वरिष्ठ संघात खेळणारा स्टार सरावाला येत नाही आणि थेट सामन्याला येतो. त्याला घ्यायचं का?

---

स्टॉपर_पेठेतला

घ्यायचं. एकटा मॅच काढतोय.

---

उजवा_हाफ

एक मॅच काढतो, स्पर्धा नाही. कॉर्नरला कुठं उभं राहायचं ते त्याला ठाऊक नसतं आणि दहा जण ज्या पद्धतीनं सराव करून आलेत ती तो आल्यावर मोडते. शिवाय बाकावर बसलेला, दोन महिने चिखल तुडवलेला मुलगा पुढच्या वर्षी येत नाही. सरळ बंदीही नको. जुलैतच लेखी ठरवा : आठवड्याला दोन सराव सक्तीचे, त्यातला एक कॉर्नर-फ्री किकचा. तेवढं पाळलं तर पहिल्या अकरात, नाहीतर राखीव. नियम नाव बघून बदलला की संपला.

---

जिमखाना_खिडकी

तालमीशी भांडण करून काही मिळत नाही, पोरगं पेठेचंच आहे. तालमीच्या प्रशिक्षकाला फोन करून दोघांचं वेळापत्रक एका कागदावर मांडा. एका आठवड्यात त्या पोराचे दोनापेक्षा जास्त पूर्ण सामने होऊ नयेत आणि दोन सामन्यांत निदान ४८ तास असावेत, एवढं दोन्हीकडून कबूल करून घ्या. तालमीला पण धडधाकट खेळाडू हवा असतो, हे बोलणं त्यांना पटतं. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हापासून प्रत्येक पेठेतल्या पालकाला वाटतं की जास्त सामने म्हणजे जास्त प्रगती. तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत बेतलेल्या सरावातून घडला, हे त्यांना समजावून सांगा.

---

नवा_सेक्रेटरी

विभागीय स्पर्धा बाद पद्धतीची आहे. ड्रॉमध्ये बाय (न खेळता थेट पुढची फेरी) कुणाला, किती, हे कसं काढतात? आणि सामन्याच्या दिवशी खायचं काय?

---

शिट्टी_आणि_कार्ड

बाय सोपा आहे. संघांच्या संख्येपेक्षा मोठा असा दोनचा पुढचा घात घ्यायचा आणि त्यातून संघ वजा करायचे. २२ संघ असतील तर ३२ वजा २२, म्हणजे १० बाय. उरलेले १२ संघ पहिल्या फेरीत ६ सामने खेळणार, त्यातले ६ विजेते आणि १० बायवाले मिळून १६. एकूण सामने नेहमी संघांपेक्षा एक कमी, म्हणजे २१. बाय मिळाला तर विजेतेपदाला ४ सामने, नाही मिळाला तर ५. हे लागोपाठच्या दिवशी असतात, म्हणून सोप्या सामन्यात ३-० झालं की मुख्य हाफला बसवा. चौथा गोल मोजत नाहीत, पाय मोजतात.

टायब्रेकरची (बरोबरीनंतरच्या पेनल्टी किकची) तयारीही आत्ताच करा. शेवटची शिट्टी वाजली तेव्हा जे मैदानावर होते तेच किक मारू शकतात. त्यामुळं चांगला पेनल्टी मारणारा ८८ व्या मिनिटाला बाहेर काढू नका. समोरच्या संघाला रेड कार्ड मिळून ते दहाच असतील तर आपल्यालाही एक वगळून दहा करावे लागतात. कुणाला वगळायचं ते कर्णधाराला आधीच सांगून ठेवा. किक मारली जाताना गोलीचा निदान एका पायाचा काही भाग रेषेवर, रेषेच्या वर हवेत किंवा रेषेमागं हवा.

---

फिजिओताई

सामना तीनला असेल तर जेवण अकराला : चपाती, कमी तेलाची भाजी, वरण-भात. साधारण दीड-दोनला दोन केळी किंवा गूळ-पोळी. त्या दिवशी नवीन काही खायचं नाही. तांबडा-पांढरा आणि मिसळ सामना झाल्यावर, कटासाठी अख्खी संध्याकाळ आहे. चरबी आणि तिखट पोटात रेंगाळतं, उत्तरार्धात पोटात कळ येते.

पाणी पावसाळ्यातही लागतं. दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून आला नाही असं वाटतं. सराव सुरू होण्याआधी आणि संपल्यावर कोरड्या कपड्यांत वजन करा. जितके किलो घटले त्याच्या दीडपट लिटर पाणी पुढच्या काही तासांत प्यायचं. ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात घाला. "जास्त ताकद" म्हणून अर्ध्या बाटलीत ओतलं की उलटी होते. सामन्यानंतर अर्ध्या तासात अर्धा लिटर दूध आणि काहीतरी पिठूळ. दूधकट्टा जवळ असेल तर कुठल्या पावडरीच्या डब्याची गरज नाही.

---

नवा_सेक्रेटरी

सगळ्यांचं वाचून वेळापत्रक केलं. सोमवार चार विरुद्ध चार, मंगळवार ताकद आणि फळा, गुरुवार वेगाच्या धावा आणि पुन्हा चार विरुद्ध चार, शुक्रवार कॉर्नर-फ्री किक. साडेतीन ते पाच. फायली जुलैच्या पहिल्या आठवड्यात. गणपतीत फक्त विसर्जनाच्या दिवशी सुट्टी, दुसऱ्या दिवशी साडेतीनला सराव मैत्री सामना ठेवलाय. काही चुकतंय का?

---

उजवा_हाफ

गुरुवारी वेगाच्या धावा आधी घे, पाय ताजे असताना. चार विरुद्ध चार नंतर. उलटं केलंस तर त्या धावा वेगाच्या राहत नाहीत.

---

स्टॉपर_पेठेतला

आणि मैत्री सामना पुढं ढकल लेका. दुसऱ्या दिवशी साडेतीनला तुझी निम्मी टीम अजून मिरवणुकीतच असणार, मूर्ती पापाच्या तिकटीला.